अर्ध्या शेराचा फरक

बाराहाते नावाचा कोणताही प्रोफेसर नागपुरात नाही. हे आधीच सांगून टाकतो, राजेहो. कारण माझ्या बायकोनं त्या माणसासाठी दोनदा रव्याचे लाडू केले, आन दोन्ही वेळा ते मी खाल्ले.

मी रुपराव. कापूस बाजाराच्या मागे भैयाजींचं जिन आहे. खेड्यापाड्यातून कास्तकार कापूस आणतात, तो तोलून घ्यायचा आन सरकी काढायले आत पाठवायचा. तोलाई माझ्याकडे होती. कधीकाळी मीही इंटरच्या परीक्षेले बसलो होतो. गणितात सपाटून आपटलो. निकाल लागला त्या दिवशी घरी आलो, गणितातल्या मेकॅनिक्सचं पुस्तक उघडलं आन प्रत्येक धड्याच्या शेवटी सरावाची जी उदाहरणं होती, ती सारी पानं टराटरा फाडून बंबात घातली. राग आला म्हणजे मले आगापिछा राहत नाही. त्या दिवशी आंघोळीचं पाणी मात्र मस्त कढत झालं.

पुढे लग्न झालं, आन बायकोले नेमकं तेच पुस्तक लागलं.

शामला भंडाऱ्याच्या एका मास्तराची पोरगी, मॅट्रिक झालेली. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई, सुहासिनीबाई, तिले म्हणल्या होत्या, "यंदा इंटर हो, गणित शिकवायची जागा तुझ्यासाठी धरून ठेवते. पुढच्या वर्षीचं मात्र मी सांगू शकत नाही." बायकांले कॉलेजात न जाता घरी अभ्यास करून परीक्षा देता येते, तशी ही देणार होती. बाकीचे विषय तिनं चूल फुंकता फुंकता उरकले. गाडी अडली ती मेकॅनिक्सपाशी. पुस्तकातले नियम सारे पाठ, पण सोडवायले एक उदाहरण नाही.

"ही पानं काहून नाहीत हो?" तिनं एक दिवस विचारलं.

मी खरं ते सांगितलं. तिनं फाटक्या कडांवरून बोट फिरवलं आन म्हणली, "बरं. तापट माणसाचं पाणी तरी तापलं."

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. मी उलट चार शब्द बोललो असतो आन मोकळा झालो असतो. ती भांडलीच नाही, म्हणून ते मनाले लागून राहिलं.

"नुसतं वाचून काय होते?" ती म्हणली. "शिकवणारं कोणी नाही ते नाही, निदान चुकवणारं तरी पाहिजे ना. चुकल्याशिवाय कळंल कसं?"

"त्यात काय एवढं! पाहिजे तितकी उदाहरणं आणतो. सीताबर्डीची दुकानं काय ओस पडली?" मी छाती फुगवून म्हणलं.

सीताबर्डीले गेलो. पहिल्या दुकानदारानं सांगितलं, पुस्तक मुंबईहून मागवावं लागंल, येईपर्यंत परीक्षा होऊन जाईन. दुसऱ्याकडे जुने पेपर होते, पण सारे इतिहासाचे. वाचनालयात एक प्रत होती, ती एका कॉलेजच्या पोट्ट्यानं नेली होती आन परीक्षा होईस्तोवर तो काही ती सोडत नव्हता. शेवटी कोणीतरी धंतोलीतल्या एका प्रोफेसरचा पत्ता दिला. फाटकापर्यंत गेलो. पितळेची पाटी, आत वेताच्या खुर्च्या, कुंड्या. माझ्या सदऱ्यावर जिनातली रुई चिकटलेली. त्यांनी विचारलं असतं, "विद्यार्थी कोणत्या वर्गात आहे?" तर काय सांगतो, चुलीपाशी आहे म्हणून? कडीले हात लावला आन तसाच परत फिरलो.

घरी आलो तर ही दारापुढच्या छपरीत बसलेली. पाटी पुसून, पेन्सिलीले टोक करून. मले पाहून उठूनच उभी राहिली.

"मिळाली?"

आता त्या चेहऱ्याले नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

"मिळाली म्हणजे? खुद्द प्रोफेसर बाराहातेंनी कबूल केलं," मी म्हणलं. "रोज थोडी थोडी देतो म्हणले." बाराहाते हे आमच्या गुळाच्या दुकानदाराचं नाव. तोंडाले आलं ते दिलं ठोकून.

झालं. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत जिनातल्या निंबाखाली बसून मी प्रोफेसर बाराहाते झालो. कोरे ताव विकत आणले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहीत होतो. इंग्रजी आठवत आठवत, मी आपटलो त्या पेपरातलं थोडं, मनातलं थोडं, असं जुळवलं. रामटेकच्या गडावरून एक नारळ सुटला, तर खालच्या पायरीवर तो किती वेगानं आपटंल? एक बैल दुसऱ्याच्या दीडपट ओढते, तर जू कुठं बांधावं? विहिरीवरच्या कप्पीनं भरलेली बादली वर यायले जोर किती लागंल?

पोरगी खुलली, राजेहो. भाकर थापता थापता गुणगुणत होती. एका बाजूले तवा, एका बाजूले पाटी.

"मोठ्या माणसाचं अक्षर असंच गचाळ राहते," ताव पाहून ती म्हणली. "पण माणूस समजदार आहे हो. इंग्रजी पुस्तकासारखे ते फुगे आन लिफ्टा नाही घालत. नारळ घालतात. लिफ्ट मी काय पाहिली आहे?"

मले आतून गुदगुल्या होत होत्या, आन आतूनच कोणीतरी चिमटाही काढत होतं. दोन्ही एकदम.

मी उत्तरंही लिहून देत होतो, तावाच्या मागच्या बाजूले. ती ताव कधी उलटा करत नव्हती, आपलं उत्तर आल्याशिवाय नाही. एकदा मीच म्हणलं, "अडलं तर पाहून घे ना वं मागं." तर माझ्यावरच डाफरली, "उत्तर पाहून सोडवलं तर सराव कशाचा?"

मग तिनं लाडू केले. "त्यांना द्या. एवढं करून राहिले आपल्यासाठी, एक पैसा घेत नाहीत." मी डब्बा घेऊन निघालो, निंबाखाली बसलो आन खाल्ले. दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी तिनं विचारलं, "कसे लागले त्यांना?"

"साखर थोडी कमी झाली म्हणले." तोंडातून निघून गेलं.

पुढच्या खेपेले तिनं साखर वाढवली. घरात आम्ही गुळाचा चहा पिऊन राहिलो होतो, आन लाडवात साखर वाढवली. ते लाडूही मी निंबाखाली बसूनच खाल्ले.

आता तराजूचं सांगतो.

आमच्या जिनात गठ्ठे तोलायले मोठा दांडीचा तराजू आहे. दोन पारडी. त्यातलं उजवं पारडं देवाचं. दसऱ्याले भैयाजी त्याची पूजा करतात, हळदकुंकू वाहतात. त्यात फक्त वजनं ठेवायची, कापूस कधी नाही. कापूस नेहमी डाव्यात. दांडीच्या मधोमध, जिथं ती टांगली आहे तिथं, एक लाल फडकं गुंडाळलेलं. तेही पूजेचं. मी कामाले लागलो त्या दिवशी मुनीम नत्थूजींनी मले ही रीत सांगितली, आन मी ती पाळत आलो. काहून, असं कधी विचारलं नाही. मालकाची रीत, मालकाचं मीठ.

एका बाजाराच्या दिवशी कळमेश्वराकडली प्रयागबाई आली. आपल्या वावरातली शेती आपणच पाहणारी बाई, तोंडानं मोठी फटकळ. नत्थूजी पाणी प्यायले गेले होते. गर्दी होती. तिनं जवळचं पारडं पाहून गठ्ठा ठेवून दिला, नेमका देवाच्या पारड्यात. माझंही ध्यान नव्हतं, डोक्यात उद्याचं उदाहरण फिरत होतं. मी वजनं डाव्यात टाकली. काटा थांबला. शंभर शेर.

तेवढ्यात नत्थूजी ओरडत आले, "अरे रुपराव, देवाच्या पारड्यात कापूस?" त्यांनीच गठ्ठा उचलून डाव्यात टाकला. मी वजनं इकडे आणली.

एक्याऐंशी शेर.

"काहून गा भाऊ?" प्रयागबाई म्हणली. "आत्ता तर शंभर होता."

"मघा काटा हलत होता, बाई," मी म्हणलं.

"ओल उडाली असंल," नत्थूजी म्हणले.

"एवढ्यात?" ती हसली. मग तिनं एक्याऐंशी शेराचे पैसे पदराच्या गाठीत बांधले आन जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणली, "तुमच्या देवाले भूक लय दिसते."

सारे हसले. मीही हसलो. मी काहून हसलो ते विचारू नका.

दुपारी निंबाखाली बसलो तर दुसरं काही सुचेना. डोक्यात तेच दोन आकडे. आन मले आठवलं की मी ज्या पेपरात आपटलो, त्यात एक उदाहरण खोट्या तराजूचं होतं. मग डाव्या हातानं लिहून टाकलं: एका खोट्या तराजूच्या दोन बाजू असमान आहेत. एक गठ्ठा डाव्या पारड्यात एक्याऐंशी शेर भरतो आन उजव्यात शंभर. तर त्याचं खरं वजन किती? मागं उत्तर लिहिलं, साडेनव्वद. दोन्हींची बेरीज, भागिले दोन. सरळ आहे ना!

खोटा तराजू हे दोन शब्द मीच लिहिले होते. आन तरी मी मनाले सांगून राहिलो होतो की हे एक उदाहरण आहे, बस, आपल्या जिनाचा आन याचा काही संबंध नाही.

संध्याकाळी शामलानं सोडवलं. ताव उलटला. पुन्हा सोडवलं.

"माझं नव्वद येऊन राहिलं," ती म्हणली. "त्यांचं साडेनव्वद."

"अर्ध्या शेरानं काय होते?"

"अर्ध्या शेरानंच कळते ना, येते का नाही येत ते."

दुसऱ्या दिवशी नव्वद. तिसऱ्या दिवशी नव्वद. तिचं गुणगुणणं बंद झालं. मग तिले मागचंही सारं खोटं वाटायले लागलं. "ती आधीची बरोबर आली तीही चुकूनच आली असतील," असं म्हणून तिनं जुने ताव पुन्हा सोडवायले घेतले. आन मधूनच उठून गेली. एक दिवस घरी आलो तर पुस्तक आलमारीत, पार वरच्या फळीले, आन पाटी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली.

"सुहासिनीबाईले निरोप देऊन द्या," ती भाकर थापत म्हणली. "दुसरी कोणी पाहा म्हणा. माझ्यानं होत नाही."

"अवं, एका उदाहरणासाठी?"

"एका नाही. जो माणूस आपली चूक कुठं आहे हेच शोधू शकत नाही, तो पोरींले काय शिकवंल?"

मले तिथंच बोलायले पाहिजे होतं. नाही बोललो. म्हणलं, "प्रोफेसरच चुकले असतील."

"माझं मन राखू नका," ती म्हणली, आन तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिच्या हातची भाकर समोर, आन ती चुलीकडे तोंड करून बसलेली. माझ्या एका फुशारकीपायी एक हुशार बाई स्वतःले ढ समजून राहिली होती. पहिल्यांदा मी तिची पानं जाळली. आता तिचा जीव जाळून राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी चुलीपाशी जाऊन बसलो.

"नव्वद कसं येते ते मले सांग."

"कशाले?"

"सांग तर."

तिनं लाटणं घेतलं. मधोमध नाही, थोडं एका बाजूले सुतळी बांधून ते उचललं. "हे पाहा. ही बाजू आखूड, ही लांब. आखूड बाजूले माल टांगला तर तो जेवढ्या पटीनं कमी भरंल, लांब बाजूले तेवढ्याच पटीनं जास्त भरंल. पट आहे हो, बेरीज नाही. नवाचे दहा झाले तर एक्याऐंशीचे नव्वद, आन नव्वदाचे शंभर. मधातलं नव्वद, तेच खरं."

मी पाहतच राहिलो. एवढं सोपं होतं. वर्षानुवर्षं मी ज्यात अडकलो होतो, ते तिनं लाटण्यावर दाखवलं.

"शामला," मी म्हणलं, "तुझं बरोबर आहे."

"मग ते साडेनव्वद कसं म्हणतात?"

"ते नाहीतच."

"म्हणजे?"

"बाराहाते नाहीच कोणी. मीच आहे तो. सारी उदाहरणं मीच लिहिली, डाव्या हातानं. मले पुस्तक मिळालं नाही आन तुले सांगायची हिंमत झाली नाही. साडेनव्वद माझं आहे. मी गणितात नापास झालेला माणूस आहे वं."

तव्यावरची भाकर करपली. धूर झाला. तिनं ती उतरवलीही नाही.

"मग लाडू?" तिनं विचारलं.

"मी खाल्ले."

"आन साखर कमी कोणाले लागली होती?"

"मले."

मले वाटलं आता लाटणं डोक्यात बसते. पण ती हसायलेच लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात. "नारळ तुमचा? तो बैलही तुमचा?" असं म्हणायची आन पुन्हा हसायची. मग एकदम थांबली. "म्हणजे माझं नव्वद बरोबर!" उठली, पिठाच्या डब्यावरून पाटी काढली, पदरानं पुसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मले वाटलं, सुटलो बावा एकदाचा.

पण मास्तराची पोरगी ती. पाटी हातात धरून तिनं विचारलं, "तुमच्या बाकीच्या उदाहरणांत तराजू कधी आला नाही. आन आला तो खोटा. हे दोन आकडे कुठून आणले?"

सुटणार होतो, पण नाही सुटलो. प्रयागबाईचं सारं सांगितलं. शंभर, एक्याऐंशी, लाल फडकं, देवाची भूक, सारं.

तिचं हसू गेलं.

"शंभर तुम्ही डोळ्यांनी पाहिले?"

"हाव."

"आन खोटा तराजू म्हणून हातानं लिहिलं?"

"डाव्या हातानं," मी म्हणलं. भैताडासारखं.

तिनं पाटी खाली ठेवली. "मी परीक्षेले बसते," ती हळू म्हणली. "पण पुढच्या बाजाराले तुम्ही एक गठ्ठा उजव्या पारड्यात ठेवा. सगळ्यांसमोर. भांडायचं काम नाही, कोणाचं नाव घ्यायचं काम नाही. नुसता ठेवा. बाकी तराजू बोलंल."

मी हो म्हणलं. मनापासून म्हणलं, खोटं नाही सांगत.

बाजाराचा दिवस आला. भैयाजी स्वतः गादीवर बसले होते, नत्थूजी माझ्या बाजूले उभे. एका म्हाताऱ्याचा गठ्ठा आला. मी उचलला. आता उजवीकडे, मी मनाले म्हणलं. उजवीकडे. आन गठ्ठा डावीकडे गेला. दुसरा आला, तोही डावीकडे. दिवसभर मी डावीकडे टाकत राहिलो. नोकरी गेली तर खायचं काय, घर चालंल कसं, असं सारं मनात येत होतं. पण खरं सांगू, एवढा विचारही नव्हता. धंतोलीच्या फाटकापाशी जे झालं तेच झालं. कडीले हात लावला आन परत फिरलो.

घरी ती छपरीत उभी होती.

"ठेवला?"

"ठेवला," मी म्हणलं.

"मग?"

"मग काय, सारे पाहतच राहिले. भैयाजी म्हणले, काट्यात दोष दिसते, दुरुस्त करून घेतो." बाराहाते जसा तोंडातून निघाला तसंच हेही निघालं, सरळ, न अडखळता.

आन तिनं विश्वास ठेवला. एवढं सगळं झाल्यावरही ठेवला. "मले माहीत होतं," म्हणली, आन पहिल्यांदा माझं ताट वाढतांना वर तूप घातलं. ते तूप पाहून मले माझी इतकी लाज वाटली की मान वर होईना. त्यापुढे मी तिले उदाहरणं उजव्या हातानं लिहून देऊ लागलो. आता उत्तरं तीच काढायची, मी तपासायचो नाही. ती खूश होती. मी रोज ठरवत होतो की आज सांगतो, आन रोज जेवून हात धुऊन उठत होतो.

परवा तिचा गणिताचा पेपर होता. बाजाराचाच दिवस. मी सुट्टी घेतली, टांगा केला आन कॉलेजच्या बाहेर झाडाखाली बसून राहिलो. पेपर सुटला. ती पळतच आली म्हणाना.

"तोच आला होता!" टांग्यात बसता बसता म्हणली. "खोटा तराजू! आकडे वेगळे, पण रीत तीच. पहिल्या झटक्यात आलं. मेकॅनिक्स सारं सोडवलं, एक उदाहरण सोडलं नाही." मग तिनं पिशवीतून डब्बा काढला. रव्याचे लाडू. "हे बाराहातेचे नाहीत बरं का. ज्यानं पारडं बदललं त्याचे आहेत."

मी एक तोंडात टाकला. दुसरा घेतला नाही.

ती टांगेवाल्याले म्हणली, "कापूस बाजारात घे, भाऊ. भैयाजींच्या जिनावर."

"काहून?" मी विचारलं.

"मले तो तराजू पाहायचा आहे."

मी म्हणलं, ऊन लय आहे. मी म्हणलं, तू थकली असशील, उद्या जाऊ. ती हसून म्हणली, आज मले काही थकवा नाही. कॉलेजपासून जिनापर्यंत तोंड उघडायले रस्ता भरपूर होता. मी घोड्याच्या कानांकडे पाहत बसलो.

जिनात माझ्या जागी नत्थूजी तोलून राहिले होते. लाल फडकं जिथल्या तिथं. डाव्या पारड्यात गठ्ठा, आन गठ्ठ्यापाशी कमरेवर हात ठेवून प्रयागबाई, शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन आलेली.

शामलानं फडक्याकडे पाहिलं. गठ्ठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या गालाचा रंग उतरत गेला तो मी पाहिला.

"या वहिनी, इकडे कशा?" नत्थूजी म्हणले.

"नत्थूजी, हा गठ्ठा त्या पारड्यात ठेवून पाहा ना."

"ते देवाचं आहे वहिनी. त्यात कापूस चालत नाही."

"देवाले कापूस चालत नाही? मग त्याच्यापुढच्या वाती कशाच्या करता?"

रांगेतले कास्तकार हसले. नत्थूजींचं तोंड लाल झालं. "रुपराव, घरच्या बाईले आवरा. जागा पाहून बोलायचं सांगा."

सारे माझ्याकडे पाहायले लागले. फक्त शामला पाहत नव्हती. ती त्या फडक्याकडे पाहून राहिली होती. मी पुढे गेलो. उजव्या पारड्यातली वजनं काढली, गठ्ठा उचलला आन तिथं ठेवला. वजनं डावीकडे टाकली. ती पुरली नाहीत. आणखी टाकली. तरी पुरली नाहीत. आणखी टाकली.

"मी म्हणलं नव्हतं?" प्रयागबाई ओरडली. "त्या दिवशी शंभरच होता!"

कोणीतरी हात वर करून फडकं ओढलं. दांडीचा टांगायचा आकडा मधोमध नव्हता. चांगला तीन बोटं बाजूले होता. ते पाहायले इंटर व्हायची गरज नव्हती. एकच गलका झाला. नत्थूजी भैयाजींकडे पळाले, आन जाता जाता मले सांगून गेले की उद्यापासून येऊ नको. मी मान हलवली. मले वाटलं, आता शामला माझ्याजवळ येईन.

ती प्रयागबाईजवळ होती. डब्बा उघडून तिच्यापुढे धरला होता.

"घ्या बाई. तुमच्यासाठीच आणले."

"माझ्यासाठी? तू कोण वं माय?"

"यांची बायको."

प्रयागबाईनं एकदा मले खालून वर पाहिलं, मग एक लाडू घेतला. "गोड आहे," म्हणली. मग बाकीच्यांनी घेतले. डब्बा रिकामा झाला.

टांग्यात ती आधी जाऊन बसली. मी आलो तर सरकून जागा दिली. बाजार मागे पडला. मी म्हणलं, "शामला, ठेवला ना मी शेवटी."

"ठेवला," ती म्हणली. "उत्तर पाहून ठेवला."